मेथीखालचा लॅपटॉप

लॅपटॉप मेथीखाली दडवायचा, हे ठमाबाईनं चहाचा दुसरा घोट घेता घेता ठरवलं. कपातला चहा संपेपर्यंत तिला त्यात एकही खोट दिसली नाही. (कप जरा मोठा असता तर बरं झालं असतं.)

ठरवावं लागलं ते हर्षालीमुळे. हर्षाली ही ठमाबाईची धाकटी. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता पोरगी इंजिनियर झाली आणि पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. कंपनीनं तिला लॅपटॉप दिला. ठमाबाईला आधी वाटलं, बक्षीस दिला. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, भाजीबाजारात तिनं तसं सांगूनही टाकलं. मग कळलं की नुसता वापरायला दिलाय, हरवला तर भरून द्यायचा आणि वर घरी बसायचं.

तर ही पोरगी रविवारी घरी आली, पुरणपोळी खाल्ली, मैत्रिणीच्या मोटारीतून घाईघाईनं परत गेली आणि लॅपटॉप देव्हाऱ्याशेजारी प्लगला लावलेला तसाच राहिला, बाजूला त्याची काळी बॅगही. दिवेलागणीला पुंजारामच्या मोबाईलवर रडत रडत फोन.

"आई, मंगळवारी सकाळी अमेरिकेचे साहेब येणार आहेत. त्यांना दाखवायचं सगळं काम त्यातच आहे. तो नसला तर मला काढतीलच."

"मग ये आणि घेऊन जा."

"मला सुट्टी नाही गं. तू आणि नाना उद्या सकाळच्या गाडीनं आणा ना. मी शिवाजीनगरला उभी राहते. पण आई, लॅपटॉपचे चोर फार झालेत. आमच्या ऑफिसमधल्या एकाचा गाडीतनंच गेला, त्याच्याबरोबर नोकरीही गेली. वर ठेवू नका, नजर हलवू नका आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात साखळीचं कुलूप आहे, नंबरचं. नानांना नंबर सांगते."

नंबर नानांना सांगितला गेला. नाना म्हणजे पुंजाराम, ठमाबाईचा नवरा. माणूस भला, कष्टाळू. पण त्याच्या पोटात काय आहे ते तोंडावर पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं. थोरलीच्या लग्नात हुंडा द्यायचा नाही असं दोघांचं ठरलं होतं, ते याच्या तोंडाकडे बघून व्याह्यांना आधीच कळलं. म्हणून ठमाबाईनं आपला बेत त्याला सांगितलाच नाही.

बेत असा. ती काळी चकचकीत बॅग म्हणजे चोराला लग्नाची पत्रिका. तिच्यात ठमाबाईनं मोरीतून उखडलेला शहाबादी फरशीचा तुकडा पुंजारामच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून भरला आणि चेन लावली. खरा लॅपटॉप वायरीसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात, फडकं भाजीच्या पाटीच्या तळाला. त्यावर पहाटे उपटलेली मेथी, जुड्याच जुड्या, हा एवढा डोंगर. इतकी वर्षं बाजारात बसून तिनं पाकिटं गेलेली पाहिली, गळ्यातली पोत गेलेली पाहिली, देवळाबाहेरच्या चपला तर रोजच जातात. पण मेथी चोरणारी एकच. गाय. आणि गाय काही पुण्याच्या गाडीत बसत नाही.

"पुण्याला मेथी कशाला?" पुंजारामनं विचारलं.

"पोरीला खायला."

"एवढी? पोरगी हाय का गोठा?"

"तुम्ही बॅग सांभाळा. बाकीचं डोकं चालवू नका."

पुंजारामनं बॅग सांभाळली. अशी सांभाळली की नाशिकच्या स्टँडवर लोक वळून वळून बघायला लागले. बॅग त्यानं तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तो असा बघत होता की पोलीसही त्याच्यापासून लांबून गेला. गाडीत चढल्याबरोबर त्यानं ती साखळी काढली, बॅगेच्या कानातून घातली, पुढच्या सीटच्या दांडीतून घातली आणि मग थोडा विचार करून स्वतःच्या कमरेच्या करगोट्यातूनही ओवून घेतली. वर कुलूप.

"हे काय?" ठमाबाई.

"आता चोराला बॅग न्यायची तर मला न्यावं लागेल. मला कोण नेतो?"

हे मात्र ठमाबाईला पटलं.

तेवढ्यात कंडक्टर आला. "मावशी, पाटी टपावर टाका. वाटेत नाही चालायची."

"टपावर तू बस. पाटी माझ्या पायाशी राहील."

"अहो, भाजीला आत बंदी आहे."

"तुझ्या आईनं डब्यात मेथीच दिली असंल ना? तो डबा टपावर हाय का?"

कंडक्टरनं आपल्या डब्याकडे पाहिलं आणि तो पुढं गेला. (मेथीच होती. वास येत होता.) ठमाबाईनं पाटी दोन पायांत घट्ट धरली. शेजारच्या रांगेत घोटीचा एक तांदळाचा व्यापारी बसला होता. तो पुंजारामकडे बघून म्हणाला, "पाव्हणं, बॅगेत काय एवढं?"

"काही नाय!" पुंजाराम ओरडलाच. "लॅपटॉप तर मुळीच नाय!"

ठमाबाईला आतून गार गार वाटलं. वा! सगळ्या गाडीची नजर आता त्या फरशीवर. नवरा एवढा कामाचा असेल असं तिला इतक्या संसारात वाटलं नव्हतं.

सिन्नरला वत्सलाबाई चढली. दणकट बाई, पुण्यात खानावळ चालवायची, बहिणीकडे आली होती ती परत निघाली होती. ती मागच्या सीटवर बसते न बसते तोच पुढून एका पोरसवदा बाईनं वळून विचारलं, "मावशी, मेथी कशी दिली?"

"द्यायची नाय. घरची हाय."

"एक जुडी द्या ना."

"नाय म्हटलं ना."

"पण एवढी मेथी विकायची नाही, तर नेता कुठं?" व्यापारी मध्येच बोलला. "पुण्यात काय मेथी मिळत नाही?"

सात-आठ माना वळल्या. ठमाबाई घाबरली. काळा गॉगल लावलेला एक माणूस तर पाटीकडे असा टक लावून बघत होता की तिला फडक्यातून आरपार दिसतंय की काय असं वाटलं. न विकणारी भाजीवाली! चोराला संशय यायला आणखी काय पाहिजे? तरी तिनं मन घट्ट केलं असतं. पण ती बाई पर्समधून पैसे काढून म्हणाली, "घ्या हो मावशी. तुमची आजची भवानी माझ्या हातची."

संपलं. भवानी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. ते परत पाठवलं की दिवस गेला, हे ठमाबाईला तिच्या सासूनं शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं. भवानीला नाही म्हणणारी माळीण अजून जन्मायची आहे. ठमाबाईच्या तोंडानं नाही म्हणायच्या आत हातानं जुडी उचलली, वरचं पाणी झटकलं आणि दिली. पैसे कपाळाला लावले. वर सवयीनं म्हणालीही, "अजून एक घेऊन जा, जोडीनं बरी दिसती."

मग काय! एकीनं घेतली म्हणून दुसरीनं घेतली. दुसरीनं भाव केला म्हणून ठमाबाई भांडली, भांडली म्हणून तिला जोर चढला. गॉगलवाला वाकून म्हणाला, "शिळी दिसतेय."

"शिळी? डोळ्याला काळी काच लावल्यावर चांदणंबी शिळंच दिसंल! पहाटं उपटली हाय. मुळाला माती बघ ओली. घे. वास घे. आता घेतल्याशिवाय जाऊन दाखव!"

गॉगलवाल्यानं चार घेतल्या. संगमनेर येईपर्यंत डोंगराची टेकडी झाली होती. ठमाबाईनं ती बघितली, जीभ चावली आणि उरलेल्या जुड्या सैल पसरून पुन्हा उंच केल्या. आता एकही द्यायची नाही, तिनं स्वतःला बजावलं. आता भवानी झालेली आहे. आता कुणाचं काही लागत नाही.

आणि चंदनापुरीच्या घाटात टायर फुटलं.

"सगळे खाली उतरा!" कंडक्टर ओरडला. "जॅक लावायचाय. खाली उतरा, सामान राहू द्या!"

सामान ठेवून उतरेल ती ठमाबाई कसली. ती पाटी डोक्यावर घेऊन उतरली, झाडाखाली बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की पुंजाराम उतरलेला नाही.

पुंजाराम सीटवर होता. सीट पुंजारामला होती. मध्ये कुलूप.

"काका, उतरा की," कंडक्टर.

"उतरतो. नंबर आठवू द्या."

"कसला नंबर?"

"पोरीचं जन्मसाल हाय. चार आकडे. हर्षाली गारपिटीच्या साली झाली."

"मग गारपिटीचं साल लावा!"

"ते कोणतं?"

आता या प्रश्नावर अर्धी गाडी परत वर चढली. दिंडोरीचा एक द्राक्षवाला शपथेवर सांगायला लागला की गारपीट ब्याऐंशीला झाली, त्याचा सगळा माल झोपला होता. घोटीचा व्यापारी म्हणाला, छे, पंच्याऐंशीला, भात आडवा झाला होता. पेठचे एक गुरुजी म्हणाले, दरसाल कुठं ना कुठं होतेच. प्रत्येकानं आपापली गारपीट लावून पाहिली. कुलूप कुणाच्याच गारपिटीला उघडेना. फोन लावला तर घाटात रेंज नाही. ड्रायव्हर खालून ओरडत होता की वजन उतरवा, तर वजन उतरायच्या ऐवजी चढत होतं.

"बॅग सोडा आणि करगोटा तोडा," कंडक्टर म्हणाला. "माझ्याकडे ब्लेड आहे."

"करगोटा तोडा, नायतर मला तोडा," पुंजाराम म्हणाला, "पण बॅग सोडून मी जाणार नाय. माझ्या लेकीची नोकरी हाय ह्यात!"

आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फरशीच्या तुकड्यासाठी! ठमाबाईला ते बघवेना. ती पाटी घेऊन वर चढली, मागोमाग वत्सलाबाईही चढली, कारण वत्सलाबाईला मेथी हवी होती.

"ए बाई, उरलेली उक्ती दे मला," वत्सलाबाई म्हणाली. उक्ती म्हणजे न मोजता, आहे तेवढी सगळी. "खानावळीला लागते. बोल, किती?"

"थांब जरा," ठमाबाई म्हणाली आणि नवऱ्याच्या कानाला लागली. "आवो, ऐका. रडू नका. बॅगेत काही नाय."

"काय?"

"हळू बोला! फरशी हाय. मोरीतली."

"मोरी—"

"उन्हानं पार मान टाकलीय तिनं," वत्सलाबाई मागून म्हणाली. "शंभर घे आणि मोकळी हो."

"सव्वाशे," ठमाबाई मान न वळवता म्हणाली आणि पुन्हा कानात, "लॅपटॉप मेथीखाली हाय."

"मेथीखाली?"

"शंभर आणि वर पाच. बस."

"घे, उचल सगळी. पाटी तेवढी रिकामी करून दे," ठमाबाई मागं म्हणाली आणि पुढं नवऱ्याला म्हणाली, "आता सोडा बॅगेचा नाद. तो बरा सुखरूप हाय."

असं कसं झालं, हे ज्यानं बाजारात माळणीला एका हातानं एकीचे पैसे घेताना, दुसऱ्या हातानं दुसरीची जुडी बांधताना आणि तोंडानं तिसरीला शिव्या देताना पाहिलंय, त्यानं विचारू नये. ठमाबाईचा जीव नवऱ्याच्या कानाशी होता. धंदा जिभेनं आपला आपण केला. वत्सलाबाईनं आपल्या पोत्यात पाटी उपडी केली आणि ती खाली उतरली.

शेवटी गुरुजींनीच विचारलं, "मुलीला शाळेत कोणी घातलं?"

"आमच्या आईनं. एक साल वाढवून सांगितलं होतं."

"मग खरं साल सोडा, दाखल्यावरचं लावा."

दाखल्यावरचं साल ठमाबाईला पाठ होतं. ते लावलं. कुलूप उघडलं. गाडीत टाळ्या पडल्या. पुंजारामनं करगोटा नीट केला, टायर बसलं, गाडी चालू झाली. ठमाबाईनं रिकामी पाटी पायाशी ठेवली, घाम पुसला आणि तिला अगदी हलकं हलकं वाटलं. रिकामी पाटी घेऊन घरी निघाल्यावर वाटतं ना, तसं. एवढं हलकं का वाटतंय, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही.

घाट मागं पडला तेव्हा मागच्या सीटवरून वत्सलाबाईचा आवाज आला.

"अगं ए भाजीवाले! लाज नाही वाटत?"

ठमाबाई वळली. "कुणाला म्हणतीस?"

"तुलाच! म्हटलं, पोतं गुडघ्याला का टोचतंय! खाली पाट घालून पाटी फुगवतेस होय? वर मेथी आणि खाली फळकूट!"

आता हे कुणालाही म्हणावं, ठमाबाईला म्हणू नये. पाटीच्या तळाला गवत, विटा, पोतं घालून वरचा ढीग उंच दाखवणाऱ्या बायका बाजारात असतात, नाही असं नाही. पण ठमाबाईनं असल्या एका बाईची पाटी सगळ्या बाजारासमोर गंगेत उलटी केली होती. ती ताडकन उभी राहिली.

"माझ्या पाटीत खोट? माझ्या? उभ्या जन्मात मी पानात दगड घातला नाय! गंगामाईची शप्पथ, ते माझं नाय!"

"ठमे," पुंजाराम हळूच म्हणाला, "अगं ते आपलं—"

"तुम्ही मधी बोलू नका! बाईमाणसांचं भांडण हाय!"

"अगं पण फडकं—"

"गप बसा म्हटलं ना! तूच घातलं असंल पोत्यात, पैसे बुडवायला!"

"मी?" वत्सलाबाईनं हिरव्या लुगड्यातलं ते चपटं गाठोडं उंच धरलं. "मी घातलं? तुझं नाही ना? मग मला तरी काय करायचंय!" आणि तिनं खिडकीची काच सरकवली.

हिरवं लुगडं. काठाला उंदरानं कुरतडलेलं. ठमाबाईनं ते पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"थांब!"

"का?"

"ते... ते माझं हाय."

वत्सलाबाईचा हात खिडकीतच. "आत्ता तर गंगामाईची शपथ घेतलीस!"

ठमाबाईनं आजूबाजूला पाहिलं. सगळी गाडी माना उंचावून बसली होती. गॉगलवाला तर अर्धा उठला होता. एक शब्द, लॅपटॉप, एवढा एक शब्द बोलली की सुटली. पण मग पुण्यापर्यंत एवढे डोळे त्या गाठोड्यावर. कोण साव, कोण चोर, कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं! हर्षाली रडत म्हणाली होती, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका. ठमाबाईच्या डोळ्यांपुढून एका बाजूनं लेकीची नोकरी गेली, दुसऱ्या बाजूनं गंगेवरची स्वतःची बसायची जागा गेली.

"होय," ती म्हणाली. "पाट हाय तो. घातला होता खाली. पाटी मोठी दिसावी म्हणून."

"म्हणजे फुगवली?"

"फुगवली."

"पुन्हा बोल, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"फुगवली! फुगवली! फुगवली! आता दे माझा पाट!"

गाठोडं हातात आलं. ठमाबाईनं ते मांडीवर घेतलं, पदराखाली घातलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. पण गाडी काही तिला बसू देईना. वत्सलाबाईनं पैसे परत घेतले आणि दंड म्हणून मेथीही ठेवली. पहिली जुडी घेणारी बाई आपली जुडी सोडून आत गवत आहे का ते बघायला लागली. तिला एक काडी सापडली. (मेथीचीच होती, पण ऐकतो कोण!) मग सगळ्यांनीच जुड्या सोडल्या. गाडीभर मेथी झाली. गॉगलवाल्यानं गॉगल काढला. तो साधा माणूस निघाला, डोळे आलेले होते. तो हळूच म्हणाला, "मावशी, मी शिळी म्हटलं तर किती बोललात मला." गुरुजींनी कष्टाच्या भाकरीवर थोडं भाषण केलं. ठमाबाई सगळ्यांना पैसे परत देत गेली आणि हूं की चूं केलं नाही. संसारात पहिल्यांदा तिला एवढी गप्प बघून पुंजाराम इतका घाबरला की त्यानं तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

शिवाजीनगरला उतरताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, माझ्या आईचीही मेथी तुमच्याकडूनच येत नसेल ना?"

हर्षाली स्टँडवर उभीच होती. पाटी नाही, बॅग नाही, ठमाबाईनं पदराखालचं गाठोडं आधी तिच्या हातात दिलं. प्लॅस्टिक फाडलं, झाकण उघडलं, बटण दाबलं. स्क्रीन निळा निळा पेटला. पोरगी तिथंच स्टँडवर आईच्या गळ्यात पडली.

"आई! नाना! काही गडबड नाही ना झाली? मला सारखं वाटत होतं, वाटेत चोर भेटेल."

पुंजारामनं फरशीची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चोरी नाय झाली," तो म्हणाला. "पण चोर सापडला. सगळ्या गाडीनं मुद्देमालासकट धरला. कबूलबी झाला."

"बाई गं! कोण होता?"

"ही काय," पुंजाराम म्हणाला, "जिच्या गळ्यात तू पडलीयस ती."